दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे दात कसे घासायचे: नव्या आईबाबांसाठी

‘दुधाचे दात पडणारच आहेत, मग रोज रात्री ही रडारड कशाला?’ लहान मूल असलेल्या घरात हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतंच. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. दुसऱ्या वर्षी उगवलेल्या दाढेला मूल पाचवी-सहावीत जाईपर्यंत काम करायचं असतं. दुधाच्या दातांवरचं एनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा टणक थर, कायमच्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर आत जाते. दाढ दुखायला लागली की मूल एकाच बाजूने चावतं, जेवण टाळतं, रात्री उठून रडतं. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. दात घासायचे की नाही, हे मुलाला विचारायचं नाही. कुठे बसून, कोणत्या ब्रशने, आईकडून की बाबांकडून, आधी वरचे की खालचे, हे सगळं मात्र जरूर विचारायचं. दीड ते तीन या वयात मुलाला स्वतःचं चालवून बघायचं असतं. त्याला चालवण्यासारखं काहीतरी हातात दिलं की बाकीच्या गोष्टीला तो बराच कमी विरोध करतो.

पायरी पहिली: सामान

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा हवा. असे दोन ब्रश घ्या, वेगवेगळ्या रंगांचे. एक मुलाच्या हातात राहील, दुसरा तुमच्या. केस बाहेरच्या बाजूला वाकले की ब्रश बदला. तीन महिन्यांनी तो बदलावाच लागतो, आणि जी मुलं ब्रश चावतात त्यांचा त्याआधीच. ब्रश तोंडात घालून मुलाला घरभर पळू देऊ नका. पडल्यावर टाळूला किंवा घशाला गंभीर इजा होऊ शकते. ब्रश बसूनच करायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

पेस्टबद्दल घरोघरी गोंधळ असतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. दात किडू नयेत यासाठी पेस्टमधलं फ्लोराइड उपयोगी पडतं. मोठ्यांच्या नेहमीच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग, असतं. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये मात्र फ्लोराइड नसतंच, किंवा निम्मंच असतं. डब्यावरचं कार्टून न बघता ट्यूबच्या मागचा बारीक मजकूर वाचा. पहिला दात दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत १००० पीपीएमची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावायची, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. दाण्याएवढ्या पेस्टमध्ये फ्लोराइड जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असतं, त्यामुळे मुलाने ती गिळली तरी घाबरायचं कारण नाही. जाहिरातीत ब्रशभर लांबलचक पेस्ट दाखवतात तशी कधीच लावू नका. ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. चव आवडली तर मुलं ती चाटून संपवतात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांमध्ये बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. तुमच्या गावच्या पाण्याबद्दल अशी तक्रार असेल, तर पेस्ट कोणती आणि किती हे दंतवैद्यांना विचारून ठरवा.

मूल पेस्ट लावली की तोंड फिरवत असेल तर बहुतेक वेळा पुदिन्याची चव त्याला ‘तिखट’ लागत असते. सौम्य चवीची, पण फ्लोराइड असलेली पेस्ट शोधा. तोवर चार दिवस नुसत्या पाण्याच्या ब्रशने सवय लावली तरी चालेल. सवय लागली की पेस्ट आणा.

राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, खरखरीत दंतमंजन यांतलं काहीही लहान मुलाच्या दातांना लावू नका, एनॅमल घासलं जातं. आणि मिश्री तर नाहीच. घरात कोणी मिश्री लावत असेल आणि ‘हिरड्या सळसळतात बिचाऱ्याच्या, जरा लावू का’ असं प्रेमाने विचारत असेल, तर तिथे ठाम नकार द्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू.

पायरी दुसरी: वेळ

दिवसातून दोनदा, हे आदर्श. पण सगळं एकदम जमत नसेल तर रात्रीचा ब्रश धरा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर राहिलेला भात, दूध, बिस्किट धुऊन जात नाही आणि तोंडातले जिवाणू त्यातल्या साखरेपासून रात्रभर आम्ल तयार करत राहतात. सकाळचा ब्रश आपल्याकडे ‘दात घासल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही’ या शिस्तीने होऊनच जातो. ती चांगली सवय आहे, तशीच राहू द्या. ताकद रात्रीच्या ब्रशला लावा.

रात्रीचा ब्रश फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तो झोपेच्या अगदी तोंडावर होतो. मूल पेंगुळलेलं, आई दमलेली, बाबा भांडी आवरतायत. अशा वेळी कोणतंही मूल ऐकणार नाही. जेवण झालं, हात-तोंड धुतलं की तिथेच दातही घासून टाका, झोपायला तासभर असला तरी. त्यानंतर फक्त पाणी. ही एवढी अदलाबदल केली तरी अर्धी भांडणं मिटतात.

पायरी तिसरी: मुलाला कसं घ्यायचं

बेसिनसमोर स्टुलावर उभं करून, पुढून तोंडात ब्रश घालायचा, ही बहुतेकांची पद्धत. तिच्यात तुम्हाला दात दिसत नाहीत, मूल मान मागे खेचतं आणि ब्रश हिरडीला लागतो. दोनदा दुखलं की तिसऱ्या दिवशी मूल ब्रश बघूनच पळतं.

त्याऐवजी जमिनीवर बसा. आंघोळीला तान्ह्या बाळाला पायावर घेतात तसे पाय लांब करा, पण मुलाचं डोकं तुमच्या मांडीत आणि त्याचे पाय तुमच्या पावलांच्या दिशेला. आता तुम्ही वरून बघताय, त्याला तुमचा चेहरा दिसतोय आणि डोक्याला आधार आहे. एका हाताने ओठ आणि गाल हलकेच बाजूला करायचे, दुसऱ्या हाताने ब्रश. ज्या मुलाला आडवं व्हायला आवडत नाही, त्याला मांडीवर पाठमोरं बसवा आणि त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकवा. दोघेही आरशासमोर असाल तर आणखी चांगलं.

घरात दुसरं कोणी असेल तर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं, पाय तिच्या कमरेभोवती, आणि मग हळूच मागे आडवं होतं. त्याचं डोकं बाबांच्या किंवा आजीच्या मांडीवर येतं. आई हात धरते, गप्पा मारते, समोरचं माणूस दात घासतं. लहान मुलांचे दंतवैद्य पुष्कळदा अशाच पद्धतीने तपासतात, त्यामुळे घरी सवय असलेलं मूल दवाखान्यातही कमी घाबरतं.

पायरी चौथी: ब्रश कसा फिरवायचा

ही पायरी कोणी नीट दाखवत नाही, आणि मुलं ब्रशला घाबरतात ती बहुतेक इथेच.

वरचा ओठ उचलून बघा. मधोमध, दोन मोठ्या दातांच्या वर, ओठाला हिरडीशी जोडणारी एक पातळ पट्टी दिसेल. ती फार नाजूक असते. ब्रश तिच्यावर आदळला की मूल कळवळतं आणि आपल्याला वाटतं, उगाच नाटक करतंय. वरचे पुढचे दात घासताना तुमच्या तर्जनीचं पेर त्या पट्टीवर आडवं ठेवा आणि ब्रश त्याच्या खालून फिरवा. कित्येक मुलांचा विरोध एवढ्यानेच मावळतो.

ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरके टेकवायचे आणि छोटे-छोटे गोल फिरवायचे. जोर अजिबात नको. मऊ ब्रशचे केस वाकून पसरले म्हणजे तुम्ही जास्त दाबताय.

क्रमही ठरवून ठेवा. वरच्या पुढच्या दातांची बाहेरची बाजू सगळ्यात आधी, कारण लहान मुलांमध्ये कीड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. खालच्या पुढच्या दातांना जिभेचं आणि लाळेचं संरक्षण मिळतं, वरच्यांना तसं मिळत नाही. त्यानंतर दाढांचे चावायचे पृष्ठभाग, कारण त्यांच्या खाचांत चिकट खाणं बसतं. मग दाढांच्या बाहेरच्या बाजू, आतल्या बाजू आणि शेवटी खालचे पुढचे दात. एखाद्या रात्री वीस-तीस सेकंदांतच सगळं उधळलं, तर निदान वरचे पुढचे दात आणि दाढा झालेल्या असतात. जिभेच्या मागच्या भागाला ब्रश लागला की उबळ येते, तिथे जाऊ नका.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला नीट थुंकता येत नाही. ओल्या फडक्याने फेस टिपून घ्या, झालं. मोठं झाल्यावरही नुसतं थुंकायला शिकवा, भरपूर चुळा भरायला लावू नका. चुळेबरोबर दातांवर राहायला हवं असलेलं फ्लोराइडही निघून जातं. आपल्याकडे चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झालं असं वाटत नाही, आजी-आजोबांना तर नाहीच. त्यांना कारण समजावून सांगा, बहुतेक ऐकतात.

पायरी पाचवी: ‘नाही’ म्हटल्यावर

आता खरा प्रश्न. तोंड घट्ट मिटलंय, हात ब्रश ढकलतायत. काय करायचं?

आधी कारण शोधा. गाल लाल, लाळ जास्त, बोटं मागे नेऊन चावणं चाललंय का? मग दाढ येत असेल. पहिल्या दाढा साधारण १२ ते १८ महिन्यांत आणि दुसऱ्या २० ते ३० महिन्यांत येतात, म्हणजे नेमक्या हट्टाच्या वयात. ब्रशआधी थंड ओलं फडकं चावायला द्या, सुजलेल्या जागी ब्रश अगदी हलका फिरवा. हिरड्यांना लावायची जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. तोंडात फोड किंवा व्रण आहे का, तेही बघा. अचानक विरोध सुरू झाला असेल तर कारण बहुतेक तोंडातच असतं.

दुखत नसेल, नुसता हट्ट असेल, तर विचारायची पद्धत बदला. ‘ब्रश करायचा का?’ या प्रश्नाला एकच उत्तर येणार. ‘आज निळा की पिवळा?’, ‘आईच्या मांडीवर की आबांच्या?’, ‘आधी वाघाचे दात की सशाचे?’ असं विचारा. वाघाचे दात म्हणजे ‘आऽऽ’ करून दाढा, सशाचे म्हणजे ‘ईऽऽ’ करून पुढचे. मुलांना ही दोन तोंडं करायला फार आवडतं आणि तुम्हाला हवं तसं तोंड उघडून मिळतं.

‘मी, मी, माझं मी’ म्हणणाऱ्या मुलाला पहिली पाळी द्या. तो चावेल, चोखेल, एकच दात घासेल. घासू द्या. मग ‘आता माझी पाळी’. पाळीचा नियम रोज सारखाच ठेवा आणि तुमची पाळी कधी सोडू नका. मुलाला स्वतःहून नीट दात घासता येतात ते सातव्या-आठव्या वर्षी, हाताची बारीक हालचाल जमायला लागल्यावर. तोवर त्याचा ब्रश हा सराव, तुमचा ब्रश ही खरी सफाई.

दोन मिनिटं म्हणजे किती, हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही. कधी संपणार हे माहीत नसेल तर कोणालाही धीर धरवत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दहापर्यंत मोजा, मोठ्याने. ‘...आठ, नऊ, दहा, झालं!’ म्हणत ब्रश खरंच बाहेर काढा, एक श्वास घेऊ द्या, मग पुढचा कोपरा. दहा म्हटल्यावर ‘अजून थोडंच’ करू नका, कारण उद्या तुमच्या दहावर त्याचा विश्वास बसणार नाही.

आणखी एक हमखास खेळ म्हणजे आज काय जेवलास ते शोधणं. ‘अरे, हा बघ वरणभात लपलाय! हा पोह्यातला मटार! पकडू का? आऽऽ कर, पळाला बघ मागच्या दाढेत!’ घरातल्यांपैकी कोणी एकाने तरी मुलासमोर दात घासावेत, आणि मुलाला तुमच्या तोंडात ब्रश फिरवू द्यावा. बाहुलीचे, टेडीचे दात घासणंही चालतं. आजी-आजोबा गावी किंवा मूल परदेशात असेल तर ब्रश झाल्यावर व्हिडिओ कॉलवर ‘आजीला दात दाखव’ हा छान रोजचा कार्यक्रम होतो.

काही गोष्टी टाळाच. ‘नाही केलंस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ असं म्हटलं की ब्रशचा राग दवाखान्यावर जातो, आणि उद्या खरंच जायची वेळ आली की मूल दारातच आडवं पडतं. ब्रश केला म्हणून चॉकलेट देणं तर सरळच चुकीचं. मोबाइल लावला की तोंड उघडं राहतं हे खरं, पण मुलाचं लक्ष स्क्रीनकडे असल्याने ते शिकत काहीच नाही आणि दोन आठवड्यांत मोबाइलशिवाय ब्रश होईनासा होतो. माझं मत विचाराल तर तो मार्ग घेऊच नका.

आणि ज्या रात्री काहीच चालत नाही? ताप नाही, दाढ नाही, सगळे खेळ करून झाले, तरी मूल रडतंय. अशा रात्री मांडीत घ्या, हात प्रेमाने पण नीट धरा, शांत आवाजात ‘दहापर्यंतच, मग मिठी’ म्हणा, आणि वरचे पुढचे दात व दाढा पटकन करून सोडा. रडताना तोंड उघडंच असतं. कपडे बदलताना मूल रडलं म्हणून आपण लंगोट तसाच ठेवत नाही, तेवढ्याच सहजपणे हे करायचं. पण तुमचा स्वतःचा राग वर येतोय असं वाटलं तर त्याच क्षणी थांबा, ब्रश दुसऱ्याच्या हातात द्या किंवा ओल्या फडक्याने दात पुसून मोकळे व्हा. ओढाताण आणि मारझोड झालेल्या ब्रशची किंमत पुढचे कित्येक दिवस मोजावी लागते.

ब्रशनंतर काय चालतं, काय नाही

झोपताना तोंडात दुधाची बाटली देऊन झोपवणं हे छोट्या मुलांचे दात किडण्याचं फार मोठं कारण. वर्षानंतर ती सोडवायला घ्या. दर दोन-तीन दिवसांनी रात्रीचं दूध थोडं-थोडं पातळ करत शेवटी नुसत्या पाण्यावर आणा, आणि दिवसाचं दूध पेल्यातून द्या. अंगावर पिणाऱ्या मुलाला रात्री पाजणं लगेच बंद करा असं मी म्हणणार नाही. पण पहिली झोप लागण्याआधी दात स्वच्छ झालेले हवेत, आणि एक वर्षानंतर रात्रभर वारंवार पिणं चालू असेल तर दात जास्त जपावे लागतात.

दिवसात गोड किती, यापेक्षा किती वेळा, हे बघा. चहात बुडवलेलं बिस्किट, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ घातलेलं नाचणीचं सत्त्व यांतलं काहीही जेवणाबरोबर खाल्लेलं बरं. दर अर्ध्या तासाने हातात बिस्किट ठेवलं तर दातांना सावरायला वेळच मिळत नाही. खोकल्याची गोड औषधं रात्री ब्रशनंतर द्यावी लागली तर वरून पाणी पाजा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पाण्याने तोंड खळखळवा किंवा पुसून घ्या आणि अर्ध्या तासाने घासा.

प्रवासात, लग्नघरात, गावी गेल्यावर सवय मोडते. पेस्ट दाण्याएवढीच असल्याने थुंकायलाही लागत नाही, तेव्हा रेल्वेच्या बर्थवर मांडीत घेऊनही ब्रश होऊ शकतो. पेस्ट, ब्रश आणि एक फडकं मुलाच्या पिशवीत कायम ठेवा.

डॉक्टरांकडे कधी

पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवून यावं. तोवर काही बिघडलेलं नसतं, त्यामुळे पहिली भेट खेळीमेळीत होते. शिवाय महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून बघत जा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश (दंतवैद्य दातांवर लावतात तो फ्लोराइडचा लेप) आणि नीट ब्रशिंग यांनी ती थांबवता येते, कधी पूर्ववतही होते. तपकिरी डाग, खड्डा, हिरडीवर पुटकुळी किंवा गालाला सूज असेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा दातही बघितले जातात. त्या दिवशी मुलाला आवर्जून पाठवा, आणि घरी कधी काही खटकलं असेल तर सेविकाताईंना आधी सांगून ठेवा.